पुस्तकांच्या कपाटातली रोषणाई

मंडळी, आज भांडायला बसलोय. विषय ऐकून हसाल, पण ऐकून घ्या. घरच्या घरी बनवलेल्या पुस्तकांच्या कपाटाला एलईडीच्या पट्ट्या लावायची जी टूम निघाली आहे, ती बंद झाली पाहिजे. निदान ज्या पद्धतीने त्या लावतात ती पद्धत तरी बंद झालीच पाहिजे. कपाटात दिवाच नको, असं माझं म्हणणं नाही. माझ्या मुरबाडच्या घरातल्या कपाटात दिवे आहेत, आणि ते मी स्वतः लावलेत. माझं भांडण आहे ते त्या दिव्यांनी कुणासाठी जळायचं यावरून.

आधी थोडी पार्श्वभूमी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या दिशेने निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे बोर्ड दिसतात. निसर्गाच्या कुशीत, डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईपासून अमुक तासांवर वगैरे वगैरे. आमच्या आयटीवाल्या मंडळींनी त्यातले बरेच प्लॉट घेतलेत. शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटायचा आणि शनिवारी सकाळी मुरबाड गाठायचं. त्यात काही गैर नाही, मीही तेच करतो. फरक इतकाच की माझं घर तिथलंच आहे. वडील तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते आणि आई आजही तिथेच राहते.

तर या शनिवार-रविवारच्या घरांमध्ये झोपाळा, मातीचे माठ, भिंतीवर वारली चित्रं, आणि हल्ली पुस्तकांचं कपाट असतंच. बऱ्याचदा हे कपाट मालकाने स्वतःच्या हाताने बनवलेलं असतं. याचं मला मनापासून कौतुक आहे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाने रंधा हातात धरला, फळी काटकोनात बसवली, अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, हे चांगलंच झालं. पण कपाट उभं राहिलं की पुढच्या शनिवारी पाच मीटरचं एलईडीचं रीळ येतं. ते फळ्यांच्या मागच्या बाजूला चिकटवलं जातं, रिमोटने रंग बदलतात, संध्याकाळी पाहुण्यांसमोर बटण दाबलं जातं, सगळे "वॉव" म्हणतात आणि फोटो निघतात. मग पुढचे पाच तास ते कपाट गणपतीच्या मखरासारखं लखलखत राहतं. त्या पाच तासांत एकही पुस्तक कपाटातून बाहेर येत नाही.

आता बोला!

आमच्या धंद्यात कुठलंही काम सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतात: हे वापरणार कोण? एरवी क्लायंटला या प्रश्नाने भंडावून सोडणारी आपली मंडळी घरी आल्यावर तो साफ विसरतात. पुस्तकांच्या कपाटातल्या दिव्याचा वापरकर्ता कोण? सोफ्यावर बसलेला पाहुणा, की कपाटासमोर उभं राहून पुस्तक शोधणारा माणूस? उत्तर पाहुणा असेल तर एक विनंती आहे. त्या वस्तूला कपाट म्हणू नका, शोकेस म्हणा.

शोकेस हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तुमच्यापैकी जे ऐंशी-नव्वदच्या दशकात चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये वाढले, त्यांना ती आठवत असेल. सरकत्या काचांच्या आत सूरजकुंडची किंवा कुठलीशी बाहुली, कधीही चहा न प्यायलेला कपबशांचा सेट, शाळेतले कप आणि ढाली, आणि वरच्या खणात विश्वकोशाचे नाहीतर ज्ञानेश्वरीचे जाडजूड खंड. "हात लावू नकोस, पडेल!" हे वाक्य त्या काचेवर न लिहिताही लिहिलेलं असायचं. त्या शोकेसला आपणच नंतर नावं ठेवली, गावंढळ म्हणून हसलो. आणि आता तीच शोकेस उघड्या फळ्यांची करून, मागून निळा-जांभळा उजेड सोडून परत घरात आणली. काच गेली, पण "हात लावू नकोस" तसंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, भावनिक बोलू नका, मुद्द्याचं बोला. ठीक आहे, इंजिनियरसारखं बोलू.

मुद्दा पहिला, दिव्याची जागा. नव्वद सेंटिमीटर रुंद, पाऊण फूट ते फूटभर खोल अशी फळी घ्या. त्यावर पुस्तकं उभी. तुमच्याकडे आहे ती पुस्तकाची पाठ, जिच्यावर नाव छापलेलं असतं. पट्टी फळीच्या मागच्या कडेला लावलीत तर उजेड पडतो भिंतीवर आणि पुस्तकांच्या आतल्या बाजूवर. तुमच्याकडची बाजू काळोखात. समोरून बघणाऱ्याला दिसते ती उजळलेल्या भिंतीसमोर काळ्या चौकोनांची रांग. डोळ्यांची बाहुली त्या उजेडाने आकसते, त्यामुळे नावं दिवा नसताना वाचता येत नव्हती, ती आता त्याहूनही वाचता येत नाहीत. म्हणजे दिवा लावून आपण दिसणं कमी केलं! हे काम करायला पैसे आणि एक अख्खा रविवार लागला.

मुद्दा दुसरा, कागद. उजेड हा कागदाचा आणि शाईचा शत्रू आहे, हे संग्रहालयवाले केव्हापासून सांगतायत. कागद, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर जास्तीत जास्त ५० लक्स उजेड ठेवावा असा त्यांचा दंडक आहे. शिवाय उजेडाची मात्रा मोजताना ते वेळही धरतात, म्हणजे लक्स गुणिले तास. प्रकाशाबद्दलच्या सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ साली दिलेल्या मार्गदर्शनात मध्यम संवेदनशील वस्तूंना वर्षाला सुमारे १,५०,००० लक्स-तास आणि अतिसंवेदनशील वस्तूंना अवघे १५,००० लक्स-तास अशी मर्यादा आहे. आता आपलं गणित करू. पुस्तकांवर २०० लक्स उजेड पडतो असं धरा. पट्टी वीतभर अंतरावर असते, तेव्हा याहून जास्तही पडू शकतो. रोज ५ तास, वर्षाचे ३६५ दिवस. २०० गुणिले ५ गुणिले ३६५ म्हणजे ३,६५,००० लक्स-तास. संग्रहालयाच्या मध्यम मर्यादेच्या दुपटीहून जास्त, तेही फोटो काढून झाल्यावर कुणी बघत नसताना.

"पण एलईडीत अतिनील किरण नसतात ना!" बरोबर, जवळजवळ नसतात, आणि म्हणून ट्यूबलाइटपेक्षा एलईडी बरा. पण शाई उडवायला अतिनील किरणच लागतात असं नाही. दिसणारा उजेडही ते काम करतो, आणि त्यातला निळा भाग सगळ्यात जास्त. रस्त्यावरची जुनी पोस्टरं आठवा. लाल आणि पिवळा आधी जातो, मागे राहतो तो एक आजारी निळा. तीच गत पुस्तकांच्या पाठींची. आणि आपली मराठी पुस्तकं काही राजेशाही कागदावर छापलेली नाहीत. जुन्या आवृत्त्या, दिवाळी अंक, स्वस्त मालिका यांचा कागद लाकडाच्या भरडीचा, त्यात लिग्निन भरपूर. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो आणि पुढे कुरकुरीत होतो. कपाटाच्या मागून लावलेली पट्टी नेमकी पानांच्या उघड्या कडांवर मारा करते.

मान्य, तुमचं कपाट म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ नव्हे. पण ज्यांची पुस्तकं वडिलांकडून आलेली आहेत, ज्यांच्या पहिल्या पानावर कुणाच्या तरी हातची शाईतली सही आणि तारीख आहे, त्यांना मी विचारतोय. ती सही रोषणाईला द्यायची का?

मुद्दा तिसरा, जागा मुरबाड आहे, दुबई नाही. इथे जूनपासून चार महिने सह्याद्रीचा पाऊस असतो. भिंती ओल धरतात, चामड्याच्या चपलेवर आठ दिवसांत बुरशी येते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याकडे झेपावतात, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. आई अशा संध्याकाळी घरातले दिवे मालवून अंगणात एकच बल्ब ठेवते आणि त्याखाली पाण्याची परात ठेवते. आणि तुम्ही भर खोलीत, उघड्या खिडकीसमोर, सागवान आणि कागद यांच्या बरोबर मध्ये साडेचार मीटरचा दिवा लावता! ते किडे बहुतेक करून मरतातच, पण किडे आले की पाली येतात, आणि पालींनी पुस्तकांचं काय होतं हे वर्णन करायची ही जागा नव्हे. त्यात थंड पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. लोक काय लावतात? थंड पांढरा, कारण त्यात "ब्राइट" दिसतं.

मग उंदीर. शनिवार-रविवार सोडून पाच दिवस बंद असलेल्या घरात त्यांचंच राज्य. पट्टीची वायर बारीक, मऊ, आणि तिचा अडॅप्टर लोकांनी कपाटामागे प्लायच्या आड कोंबलेला. त्याला वारा नाही, तो तापतो. भोवती कोरडं लाकूड आणि कागद. आमच्या ओळखीच्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, पट्टी नाय बिघडत हो, तिचा डबा बिघडतो. तो डबा कुठं ठेवला ते घरमालकालाच ठाव नसतं." याहून चांगलं डॉक्युमेंटेशन मी आमच्या ऑफिसातही वाचलेलं नाही.

गंमत म्हणजे कपाटात दिवा लावायची जुनी पद्धत आपल्याकडे होती. कोकणात आणि घाटाखालच्या दमट पट्ट्यात पावसाळ्यात कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात छोटा, कमी वॉटचा बल्ब लावून ठेवत. तो उजेडासाठी नसायचाच. तारेच्या बल्बात नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते, त्या उबेने कपाटातली ओल कमी व्हायची आणि बुरशी लांब राहायची. त्या दिव्याला काम होतं आणि ते तो इमानेइतबारे करायचा. (कागदाला टेकला तर आगही लावायचा, म्हणून आजी जाळीचा डबा घालायची.) एलईडी तितका तापत नाही, म्हणून ते कामही तो करत नाही. वीज वाचवतो हे त्याचं मोठं पुण्य, पण ओल घालवायला तो आला आहे असं मानून चालू नका. त्यासाठी वेखंडाचा तुकडा, कडुनिंबाचा पाला, आणि उन्हाळ्यात पुस्तकं बाहेर काढून झटकणं हेच खरं.

त्याही मागे जा. घरातली पोथी कुठे असायची? बासनात. लाल कापडात गुंडाळून, दोरी बांधून, फडताळात, अंधारात. श्रावणात ती बाहेर यायची, चौरंगावर ठेवली जायची, आणि शेजारी समई लागायची. म्हणजे पुस्तक अंधारात आणि वाचताना दिवा. पोथी मिटली की समई शांत. आपल्या पूर्वजांना लक्स-तास ठाऊक नव्हते, पण हिशोब अगदी चोख होता. आपण काय केलं? पुस्तक चोवीस तास उजेडात ठेवलं आणि वाचायच्या खुर्चीवर अंधार. बघा एकदा, अशा सजवलेल्या खोल्यांत वाचायला बसायच्या जागी पुरेसा उजेड असतो का ते. छतात चार मंद दिवे, कोपऱ्यात एक कागदी कंदील, आणि सगळा झगमगाट कपाटाला. पुस्तक काढलंच कुणी, तर वाचायला ते मोबाइलचा टॉर्च लावतात!

बाहेरच्या जगाचंही एक उदाहरण देतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं ते प्रसिद्ध गोल वाचनालय आगीच्या भीतीने बरीच वर्षं कृत्रिम दिव्याशिवाय चालायचं. अंधार पडला किंवा धुकं आलं की वाचकांनी उठायचं. १८७९ मध्ये तिथे विजेचे आर्क दिवे आले आणि संध्याकाळी वाचणं शक्य झालं. दिवा आला तो वाचकाचे तास वाढवायला. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातही ही परंपरा जुनी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथे जाऊन बघा, दिवे टेबलावर आणि वाटांवर आहेत. कुठल्याही शहाण्या ग्रंथपालाने पुस्तकांच्या मागे जांभळी पट्टी लावलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी झोडपलं.

"छान दिसतं, त्यात काय बिघडलं?" काही नाही बिघडलं. दिवाळीत आपण दाराला दिव्यांची माळ लावतोच की. पण माळ चार दिवसांनी उतरवतो. सणाची गोष्ट रोजची केली की सणही जातो आणि रोजचंही बिघडतं.

"पुस्तकं दिसली की मुलं वाचायला लागतात." हा मुद्दा मला खरंच पटावा असं वाटतं, कारण यात तथ्य आहे. डोळ्यांसमोर पुस्तकं असली तर हात जातो. पण हात जायला पुस्तकाचं नाव दिसावं लागतं, ते हाताच्या उंचीवर असावं लागतं, आणि काढलं म्हणून कुणी ओरडू नये लागतं. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव सुरू झालं. गावातल्या २५ ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत, सुमारे १५ हजार पुस्तकं उघड्या कपाटांत ठेवली. कुणीही यावं, काढावं, ओसरीवर बसून वाचावं. तिथे आकर्षण आहे ते बसायच्या जागेचं आणि मोकळीकीचं. दिव्यांचं नाही.

"एलईडीला कितीशी वीज लागते?" हाही हिशोब करू. बाजारातली जाड, जास्त उजेडाची पट्टी मीटरला १४.४ वॉट घेते. पाच मीटरला ७२ वॉट. रोज ५ तास धरले तर वर्षाला १३१ युनिट. तुमच्या एसीपुढे हे काहीच नाही, कबूल. म्हणून विजेचा मुद्दा मी पहिला मांडला नाही. पण तेवढ्याच विजेत ९ वॉटचे आठ बल्ब वर्षभर रोज पाच तास जळतात. आठ दिवे म्हणजे आठ पोरांचा अभ्यास. हा आकडा मी मुरबाडमध्ये बसून लिहितोय म्हणून मला टोचतो.

कारण उजेड कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. थोडं विषयांतर होईल, पण चालवून घ्या. शेजारच्या कर्जत तालुक्यात टाटांचं भिवपुरीचं वीज केंद्र १९२२ पासून. वीज तयार व्हायची सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि तारांवरून जायची मुंबईला. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं, आणि कोतवाल व हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. शेजारच्या शहापूरची गोष्टही तीच, फक्त विजेच्या जागी पाणी. तानसा आणि भातसा तिथे, नळ मुंबईत, आणि उन्हाळ्यात तिथल्याच गावपाड्यांना टँकर. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचं भारनियमन सोसलं. दहावीची पोरं मेणबत्तीवर अभ्यास करायची, आणि त्याच वेळी कल्याणपलीकडचं आभाळ रात्रभर पिवळं दिसायचं. ही पोरं आता पंचविशी-तिशीत आहेत. त्यातलीच काही तुमच्या त्या कपाटाची वायरिंग करायला येतात.

भारनियमनाचे ते दिवस गेले आणि दिवा स्वस्त झाला. २०१४ च्या सुरुवातीला सरकार ज्या एलईडी बल्बला ३१० रुपये मोजत होतं, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. फार मोठी गोष्ट झाली ही. पण स्वस्त झालेला उजेड सगळ्यात आधी वाचणाऱ्याच्या पानावर पडायला हवा होता. तो पडला आपल्या पुस्तकांच्या मागच्या भिंतीवर. तालुक्यातल्या कुठल्याही छोट्या सार्वजनिक वाचनालयात एकदा डोकावून या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि ड वर्गातली वाचनालयं तुटपुंज्या अनुदानावर चालतात. एक खोली, चार कपाटं, वर्तमानपत्रांचं एक टेबल. तिथे संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन पोरं-पोरी बसलेल्या असतात. त्यांना रंग बदलणारी पट्टी नको. त्यांना टेबलावर नीट पडणारा उजेड हवा आहे.

आता मग करायचं काय? नुसतं झोडपून निघून जाणारा मी नव्हे. माझं कपाट कसं आहे ते सांगतो. आवडलं तर उचला.

माझ्या कपाटाची वापरकर्ती एकच आहे, माझी आई. वय सत्तरीच्या पुढे. माणूस साठीला आला की डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच राहतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. म्हणजे मला जिथे पुरेसं दिसतं तिथे तिला तिप्पट उजेड लागतो. वडिलांची सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. ती तिला नावानिशी, कुठल्या साली घेतली त्यासकट पाठ आहेत. पण खालच्या दोन फळ्यांवरची नावं तिला दिसेनाशी झाली होती, आणि जे पुस्तक दिसत नाही ते ती मागत नाही. "राहू दे रे, वरचीच वाचते परत," असं म्हणते. दिव्याची गरज यातून निघाली.

कपाट जुन्या घराच्या पाडकामातून निघालेल्या सागवानाचं. पाच फळ्या, प्रत्येक तीन फूट. त्याहून लांब फळी पुस्तकांच्या वजनाने मध्ये वाकते. प्रत्येक फळीच्या खाली, पुढच्या कडेला, दीड इंचाची पट्टी खाली सोडली आहे. तिच्या आड ॲल्युमिनियमच्या पन्हळीत, दुधी झाकणाखाली एलईडी, आणि त्याचा रोख मागे, पुस्तकांच्या पाठींकडे तिरका. समोर उभ्या माणसाला दिवा दिसत नाही, नाव दिसतं. पट्टी साधी, मीटरला ४.८ वॉटची, पिवळसर पांढरी. साडेचार मीटरला साधारण २२ वॉट झाले. पट्ट्या एकामागोमाग एक जोडलेल्या नाहीत. १२ व्होल्टची लांब पट्टी केली की शेवटच्या टोकाला व्होल्टेज उतरतं आणि तिथला उजेड मंदावतो. म्हणजे नेमकी खालची फळी अंधारात! म्हणून प्रत्येक फळीला स्वतंत्र वायर. अडॅप्टर कपाटाच्या बाहेर, वर, वारा लागेल आणि हात पोचेल असा. वायरी केसिंगमधून, म्हणजे उंदरांना उपास.

बटणाबद्दल लोक सल्ला देतात की हालचाल ओळखणारा सेन्सर लावा. तो मी मुद्दाम लावला नाही. तो सेन्सर माणूस हलला तरच ओळखतो. कपाटासमोर शांत उभं राहून पुस्तक चाळणारा माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच, आणि तो दिवा मालवून टाकतो. वाचणारा माणूस ज्याला ओळखता येत नाही अशा यंत्राला पुस्तकांच्या कपाटात काय काम? साधं दाबायचं मोठं बटण लावलं, आईच्या कोपराच्या उंचीवर. जोडीला दहा मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर. रोज दहा मिनिटं, २०० लक्स, वर्षाचे झाले बारा हजारांच्या आसपास लक्स-तास. संग्रहालयाच्या सगळ्यात कडक मर्यादेच्याही आत! आणि उरलेले पैसे घातले खुर्चीत. खिडकीशी तिची आरामखुर्ची, डाव्या खांद्यामागून पानावर पडेल असा हलवता येणारा दिवा. त्या खोलीत सगळ्यात जास्त उजेड त्या एका पानावर पडतो. तसाच तो पडायला हवा.

कुणी पाहुणा येतो आणि म्हणतो, "अरे, कपाटाला लाइटिंग नाही केलं?" आई बटण दाबते. पाहुण्याला पुस्तकांची नावं दिसायला लागतात. मग तो पुढे येतो, मान तिरकी करतो, एखादं नाव मोठ्याने वाचतो, आणि हमखास म्हणतो, "हे नेऊ का वाचायला?" आई वहीत नाव लिहून घेते. वडिलांची वही आहे, १९८० च्या दशकात सुरू झालेली. तिच्यात गेल्या वर्षी झालेल्या नोंदी त्याआधीच्या चार-पाच वर्षांत मिळूनही झाल्या नव्हत्या. मला "वॉव" पेक्षा हे जास्त आवडतं.

तेव्हा येत्या शनिवारी एवढं करा. रात्री तुमच्या कपाटासमोर उभे राहा, पट्टी लावा, आणि सगळ्यात खालच्या फळीवरच्या पाच पुस्तकांची नावं न वाकता वाचून बघा. वाचता आली तर माझं भांडण तुमच्याशी नाहीच. नाही वाचता आली तर ती पट्टी सोलून काढा आणि पुढच्या कडेला आणा. नुसती तासाभराची मेहनत आहे. पट्टीवर ठरावीक अंतरावर कात्रीची खूण असते, तिथेच कापा, आणि उरलेला तुकडा फेकू नका. मुरबाडला येताना तो आणि एक जादाचा अडॅप्टर बरोबर घ्या. वाटेत जे पहिलं वाचनालय लागेल तिथे थांबा, त्यांच्या टेबलावर कुठे उजेड कमी पडतो ते विचारा, आणि तिथे लावून द्या. स्क्रू ड्रायव्हर तुमच्या गाडीत असतोच, मला माहीत आहे.